बोटीवरचा हवेचा पंप आणि त्याची वीज: एका हंगामाचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात घेतलेल्या १२ व्होल्टच्या पंपाला आता आठ महिने झाले. आमचं घर मालवणजवळच्या देवबागला. घराला लागून चार खोल्यांचा होमस्टे, आणि कर्लीच्या खाडीत एक फायबरची बोट, तिला ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन. बोटीमागे ओढायला एक बनाना, एक बंपर (दोन्ही हवा भरून पर्यटकांना बसवायचे मोठे फुगे), आणि गेल्या वर्षापासून दोन सप, म्हणजे उभं राहून वल्हवायचे हवेचे बोर्ड. सगळा धंदाच हवेवर चालतो म्हणा ना.

पंप कसा आहे? चांगला आहे. पण तो बोटीवर नीट चालायला जानेवारी उजाडला, आणि उशिरात पंपाचा वाटा थोडाच होता. खरेदीपूर्वी पंधरा दिवस मी पंपांचीच तुलना करत बसलो. त्याला वीज कुठून द्यायची, कुठल्या वायरने द्यायची, याचा विचार पंधरा मिनिटंही केला नव्हता. तेव्हा पुढचं बरंचसं बॅटरी आणि वायरीबद्दलच आहे.

आधी, बोटीवर पंप हवाच कशाला? किनाऱ्यावर आमच्याकडे २३० व्होल्टचा ब्लोअर आहे. सकाळी पडवीतल्या प्लगला लावला की पाच मिनिटांत बनाना टम्म. अडचण पुढे येते. रेतीवर उन्हात भरलेला बनाना पाण्यात उतरवला की मऊ पडतो, आणि पर्यटकाला वाटतं भोक पडलंय. भोक नसतं, हवा थंड झालेली असते. उन्हात आतली हवा ३८ अंशांवर असताना २ पीएसआय (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) भरली आणि पाण्यावर ती २८ अंशांवर आली, तर गेज साधारण दीडच दाखवतं. दाब जवळजवळ पाव हिश्श्याने उतरला, आणि हवा तर एक थेंबही गेली नाही! मऊ बनाना मधोमध वाकतो, वळणावर लवकर कलंडतो, आणि ओढताना इंजिनावर लोड येतो. त्यात आमचे लोक बसतात त्सुनामी आयलंडच्या वाळूवर. तिथे कसला प्लग? २००४ च्या त्सुनामीनंतर हा वाळूचा पट्टा वर आला असं गावात सांगतात, नावही त्यावरूनच. खाडीतल्या कालवांची धार तर ब्लेडसारखी. बंपर एकदा खडकाला घासला की पॅच लावून पुन्हा भरणं आलंच. पायपंपाने बनाना एकदा भरून पाहिला. माझ्या अंदाजाने त्यात दीड हजार लिटर तरी हवा मावते. अर्ध्यावर पोटऱ्यांत गोळे आले.

घेतला तो दोन टप्प्यांचा पंप. पहिल्या टप्प्यात पंखा भराभर हवा ढकलतो, दाब वाढला की दुसऱ्या टप्प्यात पिस्टन सुरू होतो. हवा तो आकडा लावायचा, तिथे पोचला की आपोआप बंद. कमाल २० पीएसआय. सपला १२ ते १५ लागतात, बनाना-बंपरला दोनच्या आसपास. सोबत तीन मीटरची वायर, टोकाला गाडीतल्या लायटर सॉकेटचा प्लग. किंमत ७,२०० रुपये. खोक्यावर '१२ व्होल्ट, १५ ॲम्पिअर' असं छापलेलं होतं. तो दुसरा आकडा मी वाचला आणि तसाच पुढे गेलो. पुढे जे काही झालं ते त्याच आकड्याने.

बोटीत इंजिनाच्या बॅटरीवरून एक लायटर सॉकेट आधीच होतं, मोबाइल चार्ज करायला. पंपाचा प्लग त्यात खोचला, पंप फर्रर करत चालला, मी खूश.

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. कोल्हापूरचं एक कुटुंब वाळूवर उतरलेलं, मुलं बोटीभोवती कमरेएवढ्या पाण्यात. पाण्यात माणसं असताना इंजिन चालू ठेवायचं नाही हा आमचा नियम, त्यामुळे इंजिन बंद आणि पंप चालू. दोन्ही सप आणि वर बनाना, मिळून अर्धा तास. सगळे चढले, मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. ओहोटी लागलेली. नांगर वाळूत नीट बसला नव्हता, आणि बोट हळूहळू मुखाकडे सरकायला लागली, जिथे नदी आणि समुद्र भेटतात आणि लाटा उभ्या राहतात. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होती, मुखही अजून लांब होतं, पण माझे हात गार पडले. आमच्या तांडेल काकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) एक शब्द न बोलता इंजिनाचं झाकण काढलं, दोरी फ्लायव्हीलला गुंडाळली आणि ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन धरलं. किनाऱ्याला लागल्यावर मग बोलले: "इंजिनाची बॅटरी इंजिनाक. तुझ्या फुग्यांक दुसरी घे."

रात्री वही घेऊन बसलो. पंप सरासरी १२ ॲम्पिअर खातो, अर्धा तास चालला, म्हणजे गेले ६ ॲम्पिअर-अवर (ॲम्पिअर गुणिले तास, पुढे नुसतं 'अवर'). बॅटरी ३५ ची. कागदावर काहीच बिघडायला नको. पण बॅटरी तीन वर्षांची होती, आमच्या फेऱ्या दहा-दहा मिनिटांच्या, प्रत्येक फेरीला स्टार्टर, आणि या इंजिनाची चार्जिंग कॉइल पाच-सहा ॲम्पिअरच्या वर देत नाही, तेही इंजिन वेगात असताना. म्हणजे इंजिन चालू ठेवून पंप लावला असता तरी बॅटरीतून उपसा भरपाईच्या दुप्पटच झाला असता. मोठ्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा अल्टरनेटर १५-२० ॲम्पिअर सहज देतो, त्यांचं गणित वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक लहान बोटींना हे लागू नाही. इंजिनाच्या पुस्तकात चार्जिंगचा आकडा दिलेला असतो, वॉटमध्ये असेल तर १२ ने भागा.

काकांचं ऐकून दुसरी बॅटरी आणली, यूपीएसची २६ अवरची, सेकंडहँड. पेट्रोलची टाकी मागे, म्हणून पंप पुढे नाळेकडे ठेवायचा ठरवलं. बॅटरी मात्र वजनामुळे मागेच ठेवली. मध्ये पाच मीटर अंतर. घरात पंख्याला वापरून उरलेली एक एमएमची (म्हणजे एक चौरस मिलिमीटर तांब्याची) वायर होती, तीच ओढली. आता पंप चालायचा पण रडत. सप भरताना पिस्टन सुरू होऊन दाब नऊ पीएसआयला पोचला की डिस्प्ले मिचकायचा आणि पंप शून्यावरून परत सुरू. मला वाटलं पंपच सदोष. विक्रेत्याला फोन केले, तिकडून दर वेळी 'सर, व्हिडिओ पाठवा'. पाच व्हिडिओ पाठवले. उत्तर एकाचंही नाही.

शेवटी घुमड्याच्या बाजूला राहणाऱ्या एका वायरमन मित्राने मल्टिमीटर आणला. पंप चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट. तोच मीटर पंपाच्या टोकाला लावला: ९.९. "तुझे अडीच व्होल्ट वायर खातेय," तो म्हणाला, आणि वायरीवर हात ठेवायला सांगितलं. कोमट होती. लायटरचा प्लग काढला तर त्याचं टोक पिवळं पडून मऊ झालेलं.

हे गणित एकदा कळलं की सोपं आहे. तांब्याची एक एमएमची वायर मीटरला साधारण ०.०१८ ओहम विरोध करते. पाच मीटर जायचे, पाच यायचे, दहा मीटरचे झाले ०.१८. त्याला १२ ॲम्पिअरने गुणा, २.२ व्होल्ट वाटेतच गेले. उरलेले प्लगच्या ढिल्या स्प्रिंगने खाल्ले. घरातल्या २३० व्होल्टमधून दोन गेले तर कोणाला पत्ताही लागत नाही, १२ मधून दोन गेले तर मोटारीचा जीव जातो. सहा एमएमची वायर टाकली तर तोच तोटा पाव-अर्ध्या व्होल्टच्या मध्ये कुठेतरी येतो. आम्ही सहाची टाकली. पंपाच्या टोकाला ११.८ आले, आणि ज्या पंपाला मी महिनाभर शिव्या घातल्या तो १५ पीएसआयपर्यंत न थांबता गेला. सप भरायला आधी सतरा-अठरा मिनिटं लागायची, आता नऊ.

लायटरचा प्लग कापून टाकला. ते सॉकेट सिगारेट पेटवायला जन्माला आलं, स्प्रिंगच्या टेकण्यावर चालतं, बोट आपटली की सैल होतं, आणि खारं पाणी लागलं की आठवड्यात हिरवं. त्याजागी अँडरसन कनेक्टर बसवला, ५० ॲम्पिअरचा. ई-रिक्षाचं काम करणाऱ्यांकडे मिळतो, दोन अर्धे सारखेच, दाबले की खटकन बसतात, उलटे लागतच नाहीत. बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० ॲम्पिअरचा ब्लेड फ्यूज, झाकणवाल्या होल्डरमध्ये. फ्यूज पंपाजवळ लावून उपयोग नाही. मधली वायर कुठे चिरडली गेली तर पेट तिथेच घेते.

जोड सोल्डर न करता लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून केले, वरून गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी. साध्या तांब्याच्या वायरीत खारी हवा टोकातून आत शिरते. दोन महिन्यांनी एका टोकाचं इन्सुलेशन सोललं तर आत दोन इंचांपर्यंत तार काळी. कल्हई केलेली तार मिळाली तर तीच घ्या. मला मालवणात मिळाली नाही, गोव्याहून मागवली.

इन्व्हर्टरचा सल्ला चौघांनी दिला: घरचा ब्लोअरच बोटीवर चालव. ६०० वॉटचा ब्लोअर १२ व्होल्टवर चालवायचा म्हणजे बॅटरीतून ५०-६० ॲम्पिअर, सुरू होताना त्याहून जास्त. त्यात ओल्या अंगाची माणसं आणि २३० व्होल्ट एकाच बोटीत. नको.

यूपीएसची बॅटरी दोन महिन्यांत बसली. तशीही ती नकोशी झाली होती, आठ-नऊ किलोचं धूड रोज संध्याकाळी रेतीतून घरी चार्जिंगला न्यायचं. नाताळच्या गर्दीत एक दिवस तिने दोन वाजताच मान टाकली. जानेवारीत लिथियमची घेतली, आयर्न फॉस्फेट प्रकारची, १२.८ व्होल्ट, २० अवर. वजन तीन किलोच्या आत, पिशवीत घालून नेता येते. किंमत टोचली, चार्जर धरून ९,५०० रुपये. पण तिचा खरा फायदा वजनाचा नाहीच. शिशाच्या बॅटरीचा व्होल्टेज वापरता वापरता घसरत जातो, त्यामुळे सकाळचा बनाना लवकर भरतो आणि दुपारचा रखडतो. हिचा जवळजवळ शेवटपर्यंत तेराच्या आसपास टिकतो, आणि मग एकदम बंद. या 'एकदम'ची सवय व्हायला वेळ लागला.

एक बनाना पूर्ण भरायला बोटीवर बारा मिनिटं, म्हणजे जवळजवळ अडीच अवर. मधली भर घालायची तर तीन-चार मिनिटं, अर्ध्या-पाऊण अवरच्या पुढे नाही. सप पूर्ण भरायचा तर पावणेदोन. गर्दीच्या दिवशीही आमचं दहा-अकरा अवरच्या वर गेलं नाही. रात्री चार्ज, सकाळी परत बोटीवर. इंजिनाच्या कॉइलवरून ही बॅटरी थेट चार्ज करू नका. मध्ये त्यासाठीचा वेगळा चार्जर लागतो, तो मी घेतला नाही कारण घर दोनशे पावलांवर आहे.

बॅटरी ठेवायला मासळीची छोटी आइसबॉक्स वापरली. झाकण घट्ट, भिंत जाड, पाण्यात पडली तरी तरंगते. बाजूला भोक पाडून ग्लँड बसवली, म्हणजे वायरभोवती आवळून पाणी अडवणारी चकती. आईने हे पाहिलं तेव्हा ती भोकाकडे बोट दाखवून म्हणाली, "आता ह्येच्यात बांगडे खंय ठेवूचे, तुझ्या डोक्यार?" नवीन आइसबॉक्सचे ६५० रुपये खर्चात धरा. एप्रिलमध्ये बॉक्स उन्हात ठेवू नका, आतलं थंड राहतं तसं आतलं गरमही राहतं. आम्ही ती बसायच्या फळीखाली बांधून टाकली.

पेट्रोलचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पंपाच्या पुस्तकात त्याबद्दल अक्षर नाही. या पंपाच्या मोटारीला कार्बन ब्रश असतात आणि ब्रशला ठिणग्या असतात. अंधारात जाळीतून पाहिल्या तर निळ्या दिसतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते, आणि पंप तर तळाशीच ठेवलेला असतो. पंप पुढे, टाकी मागे, वारा पुढून घ्यायचा, आणि टाकी भरताना किंवा नळी जोडताना पंप बंद. एकदा एका शेजाऱ्याच्या बोटीवर पंप टाकीशेजारी ठेवून बंपर भरलेला मी पाहिला आहे. नंतर व्हॉल्व्ह उघडला तर आतून पेट्रोलचा वास! म्हणजे ती वाफ मोटारीजवळून खेचली गेली होती.

आता पंपाच्या खऱ्या तक्रारी. खालच्या दाबाला त्याचं गेज भरवशाचं नाही. तो १.५ दाखवतो तेव्हा माझ्या हातातल्या साध्या गेजवर १.१ असतात. सपच्या १२-१५ ला हा फरक कोणाला जाणवतही नाही, पण बनानाला तो चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. आम्ही २ लावतो आणि मग हाताने पाहतो: तळवा दाबला की किंचित आत जावा, अंगठा रुतू नये.

दुसरी तक्रार गंभीर. पंप शेवटचा आकडा लक्षात ठेवतो. फेब्रुवारीत भाच्याने सप भरून तोच पंप बंपरला लावला, बटण दाबलं आणि फोनवर बोलायला गेला. पंपाच्या डोक्यात १४ पीएसआय. मी कोरडी रेती तुडवत येत होतो, तर शिवणीतून करकर आवाज यायला लागला. धावत जाऊन कनेक्टर उपसला. गेज साडेचारवर होतं, बंपरवर छापलेली मर्यादा अडीच. फुटला नाही, पण एका बाजूची शिवण तेव्हापासून फुगीर दिसते, आणि आम्ही त्या बाजूला जड माणूस बसवत नाही. आता पंपावर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलंय: 'आधी आकडा बघ'.

पुस्तकात लिहिलंय वीस मिनिटं चालवा, पंधरा मिनिटं थांबवा. गर्दीत हे पाळणं जिवावर येतं. मार्चपर्यंत पाळलं, एका रविवारी नाही पाळलं, तर पंप तापून स्वतःच बंद पडला आणि अर्धा तास हलला नाही. त्याने सांगितलेलं ऐकावं.

आवाज भयंकर. किनाऱ्यावर लोक वळून बघतात. हवा ओढणाऱ्या जाळीतून रेती आत जाते, म्हणून पंप कधीच जमिनीवर ठेवत नाही, उलट्या टोपलीवर ठेवतो. व्हॉल्व्हच्या रबराखाली रेतीचा एक कण बसला तरी रात्रभरात हवा उतरते. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग साबणाच्या फेसाने तपासायचं, पंक्चर शोधायला त्यानंतर लागायचं. व्हॉल्व्हचे तीन अडॅप्टर आले होते, एक पहिल्याच आठवड्यात खाडीत गेला. उरलेले दोन नायलॉनच्या दोरीने नळीला बांधलेत. बाहेरचे स्क्रू गंजले, आतले अजून ठीक आहेत.

एकूण खर्च: पंप ७,२००, बॅटरी-चार्जर ९,५००, वायर, कनेक्टर, फ्यूज, लग मिळून १,८००, आइसबॉक्स ६५०. वाया गेलेली यूपीएस बॅटरी २,००० ची, ती माझ्या अकलेच्या खात्यावर. ज्यांच्याकडे एखादाच सप आहे आणि गाडी पाण्याजवळ जाते, त्यांनी यातलं काहीच करू नये. गाडीच्या बॅटरीला चिमट्याने पंप जोडावा, इंजिन चालू ठेवावं, भरून घ्यावं. आमच्यासारखं दिवसातून सहा वेळा पाण्यावर भरायचं असेल तर मात्र वेगळी बॅटरी आणि जाड वायर हे आधी घ्या, पंप नंतर निवडा.

मेअखेर पावसाळ्याची बंदी लागली, आता ऑगस्ट संपेपर्यंत बोट शेडमध्ये. बनाना गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, टाल्कम पावडर मारून गुंडाळला. बॅटरी अर्धी चार्ज ठेवून कपाटात. पंपाच्या नळीला मात्र तोंडापाशी उन्हाने चीर गेली आहे, सध्या टेप लावलाय. विक्रेता म्हणतो नळी सुटी मिळत नाही, नवा पंप घ्या. आतून २५ मिलिमीटरची, २० पीएसआय सोसणारी लवचिक नळी कोकणात कुठे मीटरवर मिळत असेल तर कळवा.